प्रतिरूप कोणाचे?

मानवी क्लोनिंगला ख्रिस्ती धर्मसंस्थांनी केलेला विरोध 'विज्ञानविरोध' म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मात्र त्या विरोधाच्या गाभ्याशी असलेला प्रश्न पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांना आणि महाराष्ट्रातील घरांनाही टाळता येण्यासारखा नाही.

क्लोनसाठी मराठीत जे शब्द वापरले जातात, त्यांत 'प्रतिकृती' आणि 'प्रतिरूप' हे दोन सहज रुळणारे. यांपैकी दुसरा शब्द मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानाला मात्र निराळा लागतो. मराठी बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तो येतो. मनुष्य हा देवाचे प्रतिरूप आहे, असे तेथे सांगितले आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूर आहेत. पहिल्या अर्थाने प्रत्येक माणूस अमूल्य ठरतो, कारण तो कोणा दुसऱ्या माणसाचा नमुना नाही. दुसऱ्या अर्थाने एका माणसावरून दुसरा माणूस बेतता येतो. क्लोनिंगविषयी गेली काही दशके चाललेला ख्रिस्ती विचारविश्वातील वाद या दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडला आहे.

हा वाद आता शिळा झाला, असे कोणाला वाटेल. स्कॉटलंडमधील रॉस्लिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली आणि १९९७ च्या फेब्रुवारीत जगाला ठाऊक झालेली डॉली मेंढी २००३ मध्ये मरण पावली. तिचे जनक मानले गेलेले शास्त्रज्ञ इयन विल्मट २०२३ मध्ये निवर्तले. डिसेंबर २००२ मध्ये 'क्लोनेड' या कंपनीने पहिले मानवी क्लोन-बालक जन्माला आल्याचा दावा केला, पण त्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही. क्लोन पद्धतीने मानवी अपत्य जन्मल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही.

तंत्र मात्र थांबलेले नाही. जानेवारी २०१८ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी झोंग झोंग आणि हुआ हुआ या क्लोन केलेल्या माकडांची घोषणा केली. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी म्हशीचे क्लोन केलेले पारडू जन्मले. ते काही दिवसांतच दगावले, पण त्याच वर्षी जूनमध्ये 'गरिमा' जन्मली आणि १६ मार्च २०२३ रोजी गीर गाईची 'गंगा' नावाची कालवड जन्माला आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांनी डॉलीच्याच तंत्राचा आधार घेऊन त्वचेच्या पेशीच्या केंद्रकापासून मानवी स्त्रीबीजे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. अशा ८२ बीजांपैकी सुमारे ९ टक्केच फलनानंतर सहा दिवसांच्या भ्रूणावस्थेपर्यंत पोहोचली आणि त्यांच्यातही गुणसूत्रांचे दोष होते. प्रत्यक्ष उपचार दूर आहेत. तरीही दिशा स्पष्ट आहे. क्लोनिंग 'माणसाची नक्कल' म्हणून दारात उभे राहणार नाही. ते वंध्यत्वावरील उपचार म्हणून, मूलपेशींची चिकित्सा म्हणून, निवडीचे स्वातंत्र्य म्हणून येईल.

एका शहराची दोन टोके

या विषयाचा विचार करण्यास पुण्याइतके योग्य शहर देशात क्वचितच असेल. पश्चिमेला गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या संस्थेत प्राण्यांच्या व माणसांच्या पेशी जतन होतात आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवल्या जातात. मूलपेशींवरील संशोधन हा तेथील कामाचा एक महत्त्वाचा भाग आहे. पूर्वेला नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. श्रीलंकेतील कँडी येथे १८९३ मध्ये सुरू झालेली पोपांची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. आज देशाच्या अनेक भागांतील भावी कॅथलिक धर्मगुरू येथे तत्त्वज्ञान आणि धर्मविद्या शिकतात. जॉब कोझमथडम, कुरुविला पांडिकाट यांच्यासारख्या येथील जेझुइट अध्यापकांनी विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधांवर दीर्घकाळ लेखन केले आहे. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रोटेस्टंट परंपरेतील संस्था आहे. १९५३ मध्ये यवतमाळला स्थापन झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्यात आली.

एवढेच नव्हे, तर 'क्लोन' ही गोष्टही पुण्याला नवी नाही. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रजनी नाडगौडा, डॉ. ए. एफ. मस्कारेन्हस आणि सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धनाच्या तंत्राने बांबूला अल्पकाळात फुलोरा आणून दाखवला आणि १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने त्याची दखल घेतली. 'क्लोन' हा शब्दच मुळी डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. दोन डोळ्यांची टिपरी लावून ऊस वाढवणारा किंवा टिश्यू कल्चरची केळी लावणारा आपला शेतकरी क्लोनच लावत असतो. त्याला कोणत्याही धर्माने कधी आक्षेप घेतलेला नाही, ख्रिस्ती धर्माने तर नाहीच. नक्कल करणे हे पाप आहे, असे ख्रिस्ती नीतिविचार सांगत नाही. ऊस, मेंढी आणि माणूस यांच्यात तो जी रेषा ओढतो, ती समजून घ्यावयास हवी.

डॉलीच्या गावचे चर्च

ही रेषा सर्वांत संयमाने ओढली ती, योगायोगाने, डॉलीच्याच देशातील चर्चने. चर्च ऑफ स्कॉटलंड ही प्रोटेस्टंट धर्मसंस्था आहे. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतून आलेले. या चर्चने विज्ञान, तंत्रज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र प्रकल्प चालवला होता. डॉलीची बातमी फुटली, तेव्हा जगभरचे धर्मनेते गोंधळलेले असताना या प्रकल्पाचे संचालक, स्वतः रसायनशास्त्रज्ञ असलेले डोनाल्ड ब्रूस, रॉस्लिनच्या शास्त्रज्ञांशी आधीपासूनच चर्चा करत होते.

मे १९९७ मधील सर्वसाधारण सभेत या चर्चने मानवी क्लोनिंगवर बंदीची मागणी केली. मात्र रॉस्लिनच्या संशोधनाचा सरसकट धिक्कार केला नाही. औषधी प्रथिने दुधातून मिळावीत यासाठी मर्यादित प्रमाणात प्राण्यांचे क्लोन करणे एक वेळ समजण्यासारखे आहे, पण निव्वळ मांस-दुधाच्या उत्पादनासाठी एकसारख्या प्राण्यांच्या फौजा उभ्या करणे म्हणजे सृष्टीतील वैविध्याला कारखान्याचा नियम लावणे होय, अशी ही भूमिका होती. माणसाच्या बाबतीत आक्षेप आणखी मूलभूत होता. एखाद्या व्यक्तीची जनुकीय ठेवण दुसऱ्याने आधीच ठरवून देणे म्हणजे त्या व्यक्तीला साधन म्हणून वापरणे.

व्हॅटिकनचा नकार

कॅथलिक चर्चचा नकार डॉलीच्या जन्माहून जुना आहे. १९८७ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'दोनुम व्हिते' या दस्तऐवजात मानवी क्लोनिंगचा नावानिशी निषेध आहे. या लॅटिन शीर्षकाचा अर्थच मुळी 'जीवनाची देणगी' असा. पुढे १९९७ मध्ये पोपांच्या जीवनविषयक अकादमीने क्लोनिंगवर स्वतंत्र चिंतन प्रसिद्ध केले. ऑगस्ट २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भरलेल्या अवयवरोपणतज्ज्ञांच्या परिषदेत अवयवदानाचा गौरव केला, पण अवयव मिळवण्यासाठी मानवी भ्रूणांचे क्लोन करून ते नष्ट करणे अमान्य केले. २००८ मध्ये आलेल्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजाने ही भूमिका अधिक तपशिलाने मांडली.

या भूमिकेविषयी दोन गैरसमज आपल्याकडे रूढ आहेत. पहिला असा, की क्लोनला आत्मा नसेल, म्हणून चर्चचा विरोध आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एकाच फलित बीजापासून झालेली जुळी भावंडे जनुकीयदृष्ट्या एकमेकांची प्रतिरूपेच असतात, तरी दोघे स्वतंत्र माणसे असतात. तीच गोष्ट क्लोनची. तो जन्मलाच, तर तो पूर्ण माणूस असेल आणि त्याला पूर्ण मानवी प्रतिष्ठा असेल. म्हणूनच त्याला कोणाची तरी नक्कल म्हणून जन्माला घालणे हा त्याच्यावरील अन्याय ठरतो. आक्षेप क्लोनवर नसून त्याला घडवणाऱ्यांच्या हेतूवर आहे.

दुसरा गैरसमज असा, की मूल जन्माला घालण्यासाठीचे क्लोनिंग वाईट आणि उपचारांसाठीचे त्यामानाने चांगले, असे चर्चही मानत असेल. जगातील अनेक सरकारांची, आपल्या सरकारचीही, विभागणी अशी आहे. व्हॅटिकनला मात्र उपचारासाठीचे क्लोनिंग अधिक गंभीर वाटते. पहिल्यात निदान एका जिवाला जन्म मिळतो. दुसऱ्यात मानवी भ्रूण मुद्दाम निर्माण करायचा आणि मुद्दाम नष्ट करायचा, असा बेत असतो. भ्रूण पहिल्या क्षणापासून मानवी व्यक्तीसारखा जपला पाहिजे, ही मूळ धारणा मान्य केली, तर हा निष्कर्ष तर्कशुद्ध आहे. ती धारणा मान्य करावी की नाही, हाच खरा कळीचा मुद्दा आहे.

ख्रिस्ती मत एकच नाही

'ख्रिस्ती दृष्टिकोन' असा एकवचनी शब्दप्रयोग इथे अपुरा पडतो. डॉलीच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, अमेरिकेत दोन ख्रिस्ती नीतिचिंतकांत यावरून कडाक्याचा वाद झाला होता. प्रिन्स्टनमधील मेथडिस्ट विचारवंत पॉल रॅम्से यांनी 'फॅब्रिकेटेड मॅन' या १९७० च्या पुस्तकात माणसाने माणूस बनवण्याच्या महत्त्वाकांक्षेवर कठोर टीका केली. याउलट एपिस्कोपल धर्मगुरू राहिलेले आणि पुढे श्रद्धेपासून दूर गेलेले जोसेफ फ्लेचर म्हणत, की योगायोगावर सोडलेल्या जन्मापेक्षा विचारपूर्वक योजलेला जन्म अधिक 'मानवी' आहे. लुथरन विचारवंत टेड पीटर्स यांनी १९९७ मध्ये जनुकांनाच माणसाचे भवितव्य मानण्याच्या प्रवृत्तीला विरोध केला. आत्मा डीएनएत साठवलेला नसतो, तेव्हा डीएनएला पवित्र मानून भिण्याचेही कारण नाही, असा त्यांचा रोख होता. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने २००० मध्ये मानवी क्लोनिंग निषिद्ध ठरवले, पण सुट्या पेशी आणि ऊती क्लोन करण्यात मानवी प्रतिष्ठेचा भंग होत नाही, असे त्याच दस्तऐवजात नमूद केले.

या मतमतांतरांतून एक धागा स्पष्ट दिसतो. ब्रिटिश अँग्लिकन चिंतक ऑलिव्हर ओडोनोव्हन यांनी १९८४ च्या आपल्या छोट्याशा पुस्तकात तो नेमका पकडला. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने येशूविषयी बोलताना 'जन्म देणे' आणि 'निर्माण करणे' यांत भेद केला होता. ओडोनोव्हन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीचा हा भेद मानवी अपत्याला लावला. आपण ज्याला जन्म देतो, तो आपल्या बरोबरीचा असतो. आपण जे निर्माण करतो, ते आपल्या इच्छेच्या ताब्यात असते आणि त्याची गुणवत्ता आपण तपासतो. वस्तू सदोष निघाली, तर ती परत करता येते. मूल सदोष निघत नाही. ते जसे असते तसे आपले असते.

देवावर विश्वास असो वा नसो, या विधानातील सत्य कोणत्याही आईबापाला समजावून सांगावे लागत नाही.

वाद मुंबईपर्यंत पोहोचतो

अमेरिकेतील ख्रिस्ती मतदारांचा हा वाद एकदा थेट मुंबईच्या प्रयोगशाळेत येऊन थडकला होता. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केले, की मानवी भ्रूणांतील मूलपेशींच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, पण त्या दिवसापूर्वी अस्तित्वात असलेल्या 'सेल लाइन'पुरताच. नवा भ्रूण नष्ट करण्यासाठी करदात्याचा पैसा वापरला जाणार नाही. यानंतर अमेरिकी आरोग्य संस्थेने जगभरातील अशा ६४ सेल लाइनची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या होत्या. पुढे त्या यादीतील प्रत्यक्ष वापरण्याजोग्या विसेकच उरल्या, हा भाग निराळा.

त्या वेळी आपल्याकडे या घटनेचे स्वागत झाले ते भारतीय विज्ञानाची जागतिक पावती म्हणून. वंध्यत्व केंद्रांतील शिल्लक भ्रूण प्रयोगशाळेत कसे येतात, त्यासाठी जोडप्यांची संमती कशी घेतली जाते, त्यांना काय सांगितले जाते, हे प्रश्न सार्वजनिक चर्चेत फारसे आलेच नाहीत. अमेरिकेत ज्यावर निवडणुका लढवल्या जात होत्या, ते आपल्याकडे उद्योगपानावरील बातमीपुरते राहिले.

संयुक्त राष्ट्रसंघातही हेच दिसले. ८ मार्च २००५ रोजी आमसभेने मानवी क्लोनिंगविषयीचा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला. ३७ देश तटस्थ राहिले. सर्व प्रकारच्या क्लोनिंगवर बंदी यावी यासाठी व्हॅटिकन आणि कोस्टा रिकासारखे कॅथलिक देश प्रयत्नशील होते. भारताने जाहीरनाम्याच्या विरोधात मत दिले. अपत्यासाठी क्लोनिंग आम्हालाही नको, पण उपचारासाठीच्या संशोधनाचे दार बंद करू नका, ही भारताची भूमिका होती. ती समर्थनीय होती. मात्र त्या मतामागे देशांतर्गत चर्चा किती झाली होती, असा प्रश्न विचारला, तर उत्तर समाधानकारक येत नाही.

याचे एक कारण आपल्या सांस्कृतिक वारशातही असावे. कुंभात वाढलेले शंभर कौरव आणि द्रोणातून जन्मलेले द्रोणाचार्य आपल्या कथांत सुखाने नांदतात. अनैसर्गिक जन्माची धार्मिक धास्ती आपल्याला फारशी नाही. उलट २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी कौरवांचा जन्म मूलपेशी आणि टेस्ट ट्यूबच्या तंत्राने झाल्याचे सांगून टाकले. धर्माचा अडथळा नसणे ही संशोधनाला सोयीची गोष्ट खरी, पण अडथळा नाही म्हणून विचारही करायचा नाही, हे परवडणारे नाही.

जिथे युक्तिवाद अडतो

ख्रिस्ती भूमिकेची, विशेषतः व्हॅटिकनच्या भूमिकेची, अवघड बाजूही मांडली पाहिजे. फलनाच्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्तीचा दर्जा द्यायचा, तर सुरुवातीच्या दिवसांत एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी कशी जन्मतात, नैसर्गिकरीत्या कितीतरी भ्रूण गर्भाशयात रुजण्यापूर्वीच कसे नाश पावतात, या प्रश्नांची उत्तरे सोपी राहत नाहीत. ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची मर्यादा सुचवली ती याच विचारातून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे.

दुसरी अडचण मानवी आहे. 'दोनुम व्हिते'ने क्लोनिंगबरोबर आयव्हीएफही अमान्य केले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य जोडप्यांना आशेचा किरण दिसला होता. आपल्याकडे मूल नसलेल्या स्त्रीला जे ऐकून घ्यावे लागते, ते पाहता या उपचाराला सरसकट अनैतिक ठरवणे अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती जोडप्यांनाही जड जाते. बहुसंख्य प्रोटेस्टंट चर्चेस याबाबत अधिक मोकळी आहेत. अर्थात, प्रयोगशाळेत जन्मलेले मूलही देणगी म्हणूनच स्वीकारले पाहिजे, हे 'दोनुम व्हिते'नेच आवर्जून सांगितले आहे, हेही विसरता कामा नये.

विज्ञानाने या कोंडीतून काही अंशी वाट काढली आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले. ना भ्रूण, ना स्त्रीबीज. १९६२ मध्ये बेडकाचे क्लोन करणाऱ्या जॉन गर्डन यांच्यासह त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. कॅथलिक नीतितज्ज्ञांनी या मार्गाचे मोकळ्या मनाने स्वागत केले. नैतिक आक्षेप हा दर वेळी संशोधनाच्या वाटेतला धोंडाच ठरतो असे नाही. कधी कधी तो दुसरी वाट शोधण्याची प्रेरणा ठरतो.

बीज कोणाचे, शरीर कोणाचे?

क्लोनिंगच्या चर्चेत भ्रूणाबद्दल पुष्कळ बोलले जाते, स्त्रीबद्दल कमी. डॉलीसाठी २७७ वेळा बीज आणि पेशी यांचा संयोग घडवावा लागला, त्यांतून २९ भ्रूण मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवता आले आणि जन्मली ती एकच. चीनमधील दोन माकडांसाठी ७९ भ्रूण २१ माद्यांमध्ये ठेवावे लागले. माणसाच्या बाबतीत ही बीजे आणि हे गर्भाशय कोणाचे असणार? दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये मानवी भ्रूण क्लोन केल्याचे दावे केले. पुढे ते बनावट निघाले आणि २००६ च्या जानेवारीत 'सायन्स' नियतकालिकाने ते लेख मागे घेतले. त्या बनावट संशोधनासाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती. काही बीजे तर त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियांची होती.

प्रत्येक बीजामागे संप्रेरकांची इंजेक्शने, भूल आणि शस्त्रक्रियेचा धोका असतो. तो धोका पत्करणारी स्त्री बहुधा गरजू असते, हे आपण व्यापारी सरोगसीच्या काळात पाहिले आहे. २०२१ च्या कायद्यांनी व्यापारी सरोगसीवर बंदी आणली. बीजदान आयुष्यात एकदाच आणि सातपेक्षा अधिक बीजे काढायची नाहीत, अशी मर्यादाही घातली. ही मर्यादा पाळली, तर डॉलीच्या हिशेबाने एका क्लोनसाठी किती स्त्रिया लागतील, याचे गणित वाचकांनीच करावे. दुर्बलाच्या शरीराकडे कच्चा माल म्हणून पाहू नये, हा आग्रह ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. क्लोनिंगच्या वादात तो भ्रूणाइतक्याच आवाजात स्त्रीसाठीही उठायला हवा होता.

मागणीनुसार मूल

तरीही, क्लोनिंग होणारच नसेल, तर मराठी वाचकाने या सगळ्याची चिंता का करावी? कारण मूल मागणीनुसार घडवण्याचा प्रयोग महाराष्ट्राने क्लोनिंगची वाट न पाहता करून पाहिला आहे. त्यासाठी सोनोग्राफीचे एक यंत्र पुरले. राज्यात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये करणारे राज्यही महाराष्ट्रच होते. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये त्यात गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचाही समावेश झाला. म्हणजे कायदा होता, विज्ञान होते, डॉक्टर होते, सुशिक्षित कुटुंबेही होती. मूल ही निवडण्याची वस्तू नव्हे, एवढी एक समजूत तेवढी नव्हती.

लिंग निवडणारे मन उद्या उंची निवडेल, रंग निवडेल, बुद्धी निवडेल. अमेरिकेत भ्रूणांना जनुकीय 'गुण' देऊन त्यांतून निवड करून देणाऱ्या कंपन्या आजच सेवा विकत आहेत. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या आणि २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. क्लोनिंग हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. तिथे मुलाचा एखादा गुण नव्हे, तर अख्खे मूलच नमुन्यावरून मागवलेले असते. म्हणूनच तिथे उभे राहून मागे पाहिले, की आधीच्या कड्या स्पष्ट दिसतात. जन्म आणि निर्मिती यांतला भेद हा त्या अर्थाने केवळ ख्रिस्ती राहत नाही.

आगरकरांच्या शहरात

गोपाळ गणेश आगरकरांच्या 'सुधारक'ने ज्या शहरात बुद्धिप्रामाण्याचा आग्रह धरला, त्या शहरात धर्मसंस्थेचा युक्तिवाद केवळ धर्माचा म्हणून कोणी स्वीकारू नये. पण केवळ धर्माचा म्हणून तो फेटाळूही नये. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा करणारे चर्च आणि १९९२ मध्ये ती चूक मान्य करणारे चर्च एकच आहे. तिथेही विचार पुढे सरकतो. त्या विचारातून श्रद्धेचा भाग वजा केल्यावर जे उरते, ते तपासून घेण्यात बुद्धिवाद्याचे काही बिघडत नाही.

आजची आपली कायदेशीर स्थिती पुरेशी नाही. अपत्यासाठीचे मानवी क्लोनिंग भारतात निषिद्ध आहे ते आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार. २०१७ च्या तत्त्वांतही ते निषिद्ध गटात आहे. परंतु यासाठी शिक्षेची तरतूद असणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. मार्गदर्शक तत्त्वे प्रामाणिक संशोधकाला पुरतात. अप्रामाणिक व्यावसायिकाला नाहीत. त्वचेच्या पेशीपासून बीज बनवण्याचे तंत्र उपचार केंद्रांपर्यंत येण्यास अजून काही वर्षे आहेत. कायदा करण्याची वेळ तीच असते. सोनोग्राफीच्या बाबतीत आपण यंत्रे गावोगाव पोहोचल्यानंतर जागे झालो होतो.

त्या कायद्याआधी चर्चा हवी आणि ती दिल्लीतील समित्यांपुरती राहू नये. गणेशखिंडीतील पेशीशास्त्रज्ञ, रामवाडी व बिबवेवाडीतील नीतिचिंतक, ससूनमधील स्त्रीरोगतज्ज्ञ आणि स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्या यांना एका व्यासपीठावर आणणे या शहराला अशक्य नाही. व्याख्यानमालांची परंपरा पुण्याइतकी जुनी आणि जिवंत दुसरीकडे क्वचितच आढळेल. तिथे 'क्लोनला आत्मा असेल का' यापेक्षा अधिक निकडीचा प्रश्न चर्चेला यावा: येणाऱ्या मुलाकडे आपण पाहुणा म्हणून पाहणार आहोत, की मागवलेला माल म्हणून? आपल्या इच्छेचे प्रतिरूप होऊन जन्मण्याची सक्ती कोणत्याही मुलावर नसावी, एवढे जरी त्या चर्चेतून कायद्यापर्यंत पोहोचले, तरी पुढच्या पिढीसाठी ते मोलाचे काम ठरेल.